तरवडाचे लाडू

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी सर लाडू वळत बसले होते. प्रयोगशाळेच्या कट्ट्यावर पेपर पसरलेला, त्यावर परात, परातीत डालडा, पिठीसाखर, बेसन आणि दुधाची पावडर. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. मला वाटलं, कुणाचं तरी डोहाळजेवण असेल. नव्या माणसानं पहिल्या दिवशी गोड बोलावं म्हणून मी म्हटलं, "वा सर, आज काय विशेष? आम्हाला पण मिळणार ना?"

मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुम्हाला लठ्ठ व्हायचंय?"

मी तेव्हाही अंगानं चांगली भरलेली होते. असा राग आला म्हणून सांगू! दिवसभर त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी कळलं की लाडू उंदरांसाठी होते आणि प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला होता.

आमचं कॉलेज औषधनिर्माणशास्त्राचं, बीडच्या बाहेर उघड्या माळावर. संस्थेचे अध्यक्ष तेच सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, तेच दूध संघावर, गुरांची छावणी चालवणारेही तेच. त्यामुळं कॉलेजातसुद्धा सगळे त्यांना चेअरमनसाहेबच म्हणायचे. सर औषधं शरीरात जाऊन काय करतात ते शिकवायचे, मी औषधी वनस्पती. म्हणजे त्यांना जो पाला लागायचा तो ओळखायचं काम माझं.

पाला तरवडाचा. त्या वर्षी पाऊस नावाला झाला होता. बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, ऊस नव्हता म्हणून कारखान्याचं धुराडं थंड, आणि घरोघरी माणसं टँकरची वाट बघत बसलेली. अशात माळावर हिरवं म्हणावं असं एकच झाड होतं, तरवड. वर पिवळीधमक फुलं. नारायणगडाच्या रस्त्यानं आम्ही उशीचे अभ्रे घेऊन जायचो आणि फुलांसकट पाला तोडायचो. गडावर जाणारी माणसं थांबून विचारायची, "देवाला का?"

"नाही, उंदरांना," सर सांगायचे आणि पुढच्या झुडपाकडं वळायचे. विचारणाऱ्याचं तोंड बघायला मागं मी उरायची.

एकदा मी विचारलं, "सर, इतकी झाडं असताना तरवडच का?" ते म्हणाले, "दुष्काळातसुद्धा ज्याला जनावर तोंड लावत नाही, त्यात काहीतरी असणार."

"कशावरून?" मी म्हटलं.

बाई गं, काय खूश झाले! तो त्यांचाच शब्द होता. चहावाला म्हणाला, "दूध ताजं हाय सर," तर कशावरून. प्राचार्य म्हणाले की पोरं अलीकडं अभ्यास करत नाहीत, तर कशावरून. बसस्टँडवर कंडक्टरनं "गेवराई, तलवाडा चला" म्हटलं की गाडीची पाटी स्वतः जाऊन वाचल्याशिवाय चढायचे नाहीत. भांडखोर नव्हते हो. आवाज अगदी मऊ, डोळे निष्पाप. समोरच्यानं काही सांगितलं की खरोखरच त्याचा आधार काय असेल याची त्यांना उत्सुकता वाटायची. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिडीक जायची ती जायचीच.

माझं लग्न जमत होतं तेव्हा आमच्याकडं आईशिवाय वडीलधारं माणूस नव्हतं, म्हणून मी त्यांना बोलावलं. माझीच दुर्बुद्धी. पोहे आले, मुलाचा मामा कौतुकानं म्हणाला, "आमचा मुलगा निर्व्यसनी आहे." सर पुढं सरकून म्हणाले, "कशावरून?"

आधी सगळे हसले. मामा पण हसला. म्हणाला, "अहो, मी सांगतोय ना!"

"ते ऐकलं मी," सर म्हणाले. "कशावरून?"

मामानं पोह्यांची बशी खाली ठेवली. ती मंडळी गेली ती गेलीच. आई म्हणाली, "त्या उंदीरवाल्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत आणलंस तर बघ." खरं सांगायचं तर मला तो मुलगा आवडला नव्हताच, पण नकार मी द्यायचा होता, ह्यांनी नव्हे! दुसऱ्या दिवशी चांगलं झापलं त्यांना. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पण मॅडम, 'मी सांगतोय' हा काही पुरावा झाला का?" या माणसापुढं डोकं फोडावं की त्याच्या पाया पडावं, मला कधी कळलं नाही.

सर एकटे राहायचे, शहरात एका मेकॅनिकच्या घरी, वरच्या खोलीत. मेकॅनिकला सगळे चाचा म्हणत. चाचांनी गाडीच्या जुन्या पत्र्यावर सरांच्या नावाची पाटी रंगवली होती, आणि सरांच्या सांगण्यावरून नावाच्या आधी थोडी जागा मोकळी सोडली होती. ती 'डॉ.'साठी. सरांची पीएच.डी. हा कॉलेजातला जुना विनोद होता. पहिले गाईड रिटायर झाले, दुसरे वारले, मध्ये सरांच्याच आईचं आजारपण निघालं. विद्यापीठानं आता शेवटची मुदतवाढ दिली होती आणि पुढच्या वर्षी सर स्वतः रिटायर होणार होते. डॉक्टर होऊन घरी जायचं, एवढी एकच हौस त्या माणसानं आयुष्यात केली. चाचा गॅरेजमधून ओरडायचे, "क्या सर, कब होते डाक्टर? मेरा रंग सूख रा डब्बे में!" ती जागा अजून मोकळीच आहे.

प्रयोग सांगायला सोपा होता. पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यांच्या दोन ओळी. दोन्ही ओळींना तुपकट, गोड लाडू, म्हणजे अंगावर चरबी चढावी. त्यांतल्या डाव्या ओळीच्या लाडवात तरवडाचा अर्क मिसळलेला, उजवीच्या नाही. मग बघायचं, वजन, रक्तातली साखर आणि चरबी यांत काय फरक पडतो. अर्क काढायच्या यंत्राला सतत थंड पाणी वाहतं लागतं, आणि आमच्या नळाला तर थेंब नव्हता. सरांनी चाचांकडून जुन्या कूलरचा पंप आणला आणि एकाच बादलीतलं पाणी गोल गोल फिरवत ठेवलं. सगळीकडं अशा प्रयोगात अर्क नळीनं उंदराच्या घशात सोडतात. सरांना ते जमायचं नाही. "त्याला नको असेल तर?" म्हणायचे. म्हणून लाडू. शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा तर आधी हळूच "माफ करा हं" म्हणायचे. प्रयोगाच्या शेवटी उंदरांचं यकृत काढून बघावं लागतं. तो विषय मी काढला की सरांना वर्गावर जायची आठवण व्हायची.

चहाच्या टपरीवर आमची यथेच्छ टिंगल चालायची. "माणसाला टँकर अन् उंदराला डालडा! कलयुग हाय बे, कलयुग." सर ते ऐकत चहा संपवायचे. स्वतः दोन्ही वेळा पिठलं-भाकरी खाणारा, हाडाचा सापळा झालेला माणूस.

उंदरांची झाडलोट करायला गयाबाई होत्या. तलवाड्याकडच्या. त्या वर्षी नवरा आणि बैलजोडी छावणीत, आणि या बहिणीकडं राहून आमच्याकडं रोजंदारीवर. पिंजऱ्याला आधी हात जोडायच्या, "गणपतीचं वाहन हाय," आणि मग त्याच वाहनाला "सरक की मुडद्या" म्हणून खालचा भुस्सा बदलायच्या. सरांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या डाव्या ओळीला माझ्या लाडूशिवाय काही द्यायचं नाही. दाणा नाही, चिमूट नाही."

"न्हाई देत सर."

"आणि सकाळी काही उरलं असेल तर मला सांगायचं."

सकाळी सर आले की विचारायचे, "गयाबाई, काही उरलं का?" आणि गयाबाई म्हणायच्या, "न्हाई सर, समदं संपलं." हे रोजचं. सर "बरं" म्हणून टिपून घ्यायचे.

आणि काय सांगू, प्रयोग फळाला आला! उजवीकडचे उंदीर असे फुगले की वळताना पोट आधी वळायचं. "अगदी चेअरमनसाहेबांवाणी," गयाबाई म्हणाल्या आणि जीभ चावली. डावीकडचे मात्र सडपातळ. दोघांचं खाणं सारखंच, लाडू दोघांचेही संपतात, तरी हे बारीक. मी आनंदानं उडीच मारली. म्हटलं, सर, चाचांना रंग ढवळायला सांगा.

चेअरमनसाहेब स्वतः बघायला आले. वाकायला त्रास होत होता, तरी वाकून दोन्ही ओळी बघितल्या. "खातात तेवढंच, अन् अंगाला लागत नाही? सर, ह्याचं चूर्ण काढू आपण. कारखान्याचं गोदाम रिकामंच पडलंय. पुण्या-मुंबईची माणसं रांगा लावतील." तरवड तोडायला गावोगावच्या बायकांना काम मिळेल, पावडर सहकारी तत्त्वावर, सभासदांच्या सभेत घोषणा, सरांना शाल. माणूस वाईट नव्हता हो, उत्साही होता. आठवड्याच्या आत कारखान्यावर मंडप पडायला लागला.

एकटे सर तेवढे खूश नव्हते. पिंजऱ्यांसमोर बादली पालथी घालून बसायचे. "मॅडम, खाल्लं तर गेलं कुठं? अंगी तरी लागायला हवं, नाहीतर बाहेर तरी पडायला हवं. दोन्ही नाही."

"अहो सर, एवढं चांगलं झालंय तर त्यात काय खुसपट काढताय?" मी म्हटलं.

"चांगलं झालंय, कशावरून?"

मी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, गयाबाईंच्या वेळेला, त्यांनी मला बोलावलं. साक्षीदार पाहिजे म्हणाले. आम्ही दोघं खोलीच्या बाहेर, खिडकीशी उभे. गयाबाई आल्या, हात जोडले, आणि डाव्या ओळीच्या वाट्या काढायला लागल्या. वाट्यांमध्ये लाडू तसेच होते. कुरतडलेले, अर्धेमुर्धे, कुठं नुसतेच हुंगून सोडलेले. गयाबाईंनी ते सगळे ओंजळीत गोळा केले, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, तो फोडून लाडवांत चांगला मळला, लहान लहान गोळ्या केल्या आणि उजव्या ओळीत एकेकाला वाटत निघाल्या. "खावा रं लेकरांनो. त्यांला न्हाई जात."

सगळं वाटून होईपर्यंत थांबून सर मला घेऊन आत गेले. मग विचारलं, "गयाबाई, हे रोज करता?"

"रोजच की सर." त्या दचकल्यासुद्धा नाहीत. "कडू जहर लागतंय त्यांला. तोंड लावत्यात अन् टाकून देत्यात."

"आणि तुम्ही यांना देता."

"मग कावून टाकायचं? तूप-साखरेचं अन्न हाय सर. तिकडं छावणीत माणसं कोरडी भाकर मोडून खात्यात. त्या वळीला काय द्यायचं न्हाई म्हणला व्हतात, म्या न्हाई दिलं. गुळाचं बोटसुदीक न्हाई लावलं. ह्या वळीचं कुठं काय म्हणला व्हतात? अन् ह्यांनी खाल्लं की समदं संपतंयच की." मग सरांचा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "माझं काय चुकलं का सर?"

"नाही," सर म्हणाले आणि बादलीवर बसले. "मग हे डावीकडचे उपाशीच होते म्हणायचं."

"उपाशी न्हाई वो," गयाबाई समजूत घालावी तशा म्हणाल्या. "अर्धपोटी."

मग मला उलगडा झाला. बारीक का झाले, तर कडू म्हणून खाल्लंच नाही. आणि उजवीकडचे? त्यांनी दुसऱ्यांचं उरलेलंही खाल्लं, गूळ लावून, तरवडासकट. तरवड खाऊनसुद्धा ते फुगलेच होते! म्हणजे प्रयोग नुसता बिघडला नव्हता, उलटा होऊन बसला होता. मी सरांकडं बघितलं तर हा माणूस हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. मग चष्मा काढून पुसायला लागले, आणि किती तरी वेळ पुसतच राहिले. मला फार वाईट वाटलं. पुन्हा सगळं करायला दिवस नव्हते, पाणी नव्हतं, आणि आणखी मुदतवाढही मिळणार नव्हती.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "गयाबाईंना यातलं काही सांगू नका. आणि लाडू उरले तर आता तसेच ठेवा म्हणावं, मला एकदा तोलून बघायचेत."

दोन दिवसांनी आम्ही कारखान्यावर चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये होतो. उद्यावर सभा. बाहेर खुर्च्या उतरवल्याचा आवाज येत होता. सरांनी सगळं सांगितलं, फक्त कुणी केलं ते सोडून.

साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, मंडप पडलाय. एवढं ताणू नका. घेणारे काय उंदीर घेऊन विचारायला येणारेत का?"

"पाकिटावर आपण लिहिणार ना, यानं माणूस बारीक होतो म्हणून? कशावरून?"

"तुमच्या उंदरांवरून!"

"माझे उंदीर अर्धपोटी होते, साहेब. अर्धपोटी ठेवलं की कुणीही बारीक होतं. त्याला आपल्याकडं दुष्काळ म्हणतात."

साहेबांची नजर बाहेर गेली. खिडकीतून त्यांचीच छावणी दिसत होती. मग एकदम तापले. "हे केलं कुणी पण? उंदरांपाशी कोण असतं? नाव सांगा. रोजंदारीवरची माणसं मला कमी करायचीच आहेत, सुरुवात तिथूनच करतो."

सर खोटं बोलत नसत. बोलता येतच नसे त्यांना; विचारलं की जे असेल ते सांगून मोकळे. आता नाव घेतात, आणि गयाबाई उद्या छावणीत नवऱ्याशेजारी जाऊन बसतात, हे मला स्वच्छ दिसायला लागलं. त्यांच्या पायावर पाय द्यावा म्हणून मी चप्पल पुढं सरकवलीसुद्धा.

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

"तुमची?" साहेबांना हसू आलं. सरांचा शब्द त्यांनाही चांगला ठाऊक होता. खुर्चीत मागं रेलून, मजा घेत त्यांनी विचारलं, "कशावरून?"

सरांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडं बघितलं.

"मी सांगतोय म्हणून," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. वर बघायची हिंमत झाली नाही मला. साहेब खुर्चीत सरळ झाले. मग म्हणाले, "आणि तुमच्या पीएच.डी.चं?"

"ती गेली," सर म्हणाले आणि नमस्कार करून उठले.

कॉलेजकडं चालत येताना उन्हानं डोळे फुटत होते. मला राहवेना. म्हटलं, "सर, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललात."

"खोटं कसं? मी तुमच्या मामांना विचारलं..."

"माझे नव्हेत ते, मुलाचे!"

"मुलाच्या मामांना विचारलं, कंडक्टरला विचारलं, प्राचार्यांना विचारलं. गयाबाई रोज म्हणायच्या, संपलं. त्यांना एकदाही नाही विचारलं." मग म्हणाले, "जेवण संपलं म्हणून बाई सांगते, तेव्हा कोण ताट तपासायला जातं, मॅडम? पण मी जायला हवं होतं. चूक माझीच आहे. फक्त त्याचा पुरावा द्यायचा तर नाव घ्यावं लागलं असतं."

उंदरांच्या खोलीत गयाबाई वाट बघत उभ्या होत्या. कट्ट्यावर डाव्या ओळीचे दोन दिवसांचे लाडू रचून ठेवलेले. "सर, हे बगा. तुमी म्हणला म्हणून ठिवलंय, पर माझ्यानं बगवत न्हाई. टाकायचं का हे?"

सरांनी लाडू बघितले. तराजू शेजारीच होता, त्याला हात लावला नाही. डाव्या ओळीसमोर जाऊन जरा उभे राहिले. ही ओळ आता कापायची नव्हती, मोजायची नव्हती, तिच्याकडून कुणाला काही नको होतं.

"गूळ आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाय की!"

"लावा. आणि दोन्ही ओळींना द्या."

"आता कसं!" गयाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून लगेच लाडू फोडायला बसल्या. सरांनी बाह्या वर केल्या. "मॅडम, ती परात घ्या," म्हणाले. उरलेला डालडा, साखर, बेसन, सगळं काढलं, आणि आम्ही तिघं बिनतरवडाचे लाडू वळत बसलो. मी दोन खाल्ले, सरांनाही एक खायला लावला.

डाव्या ओळीतले उंदीर त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. कशावरून म्हणाल, तर मी तिथं होते.